नाश्ता धरून दोन खोल्या

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. कुणाची मागते ते मलाही माहीत नाही, कारण ही वही मी कुणाला दाखवणार नाही. पण करकंबच्या शाळेत आमच्या बाई सांगायच्या की आपली चूक आपणच आधी कबूल करावी, म्हणजे छडी कमी बसते. चौथीनंतर शाळा सुटली, सवय राहिली. अक्षर जाड येतं त्याला आणखी एक कारण आहे. वीस वर्षं भाकऱ्या थापून बोटं फुगली आहेत. पेन धरला की उलथनं धरल्यासारखं वाटतं.

या वहीची पहिली तेरा पानं माझी नाहीत. हात माझा आहे, मजकूर एका कंपनीचा आहे. मोबाइलवरून हॉटेलच्या खोल्या देणारी ती कंपनी. तिच्या हमीच्या अटी मी बघून बघून उतरवल्या आहेत, एका पानावर एक. पुढची पानं कोरी राहिली. कोरी वही रद्दीत घालवत नाही, म्हणून त्या अटींपायी काय काय झालं ते लिहून ठेवते.

मी जुळे सोलापुरात एका ताईंच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कडक भाकरी करते. आम्ही पाच जणी आहोत. सगळ्यांत मोठ्या मामी, त्यांना सगळे मामीच म्हणतात. माझ्या शेजारच्या शेगडीवर अक्कलकोटवाली. तिचं माहेर अक्कलकोटच्याही पलीकडचं, त्यामुळे ती मराठीत सुरू करते आणि राग आला की कानडीत संपवते. उरलेल्या दोघी सख्ख्या जावा. त्या फारसं बोलत नाहीत, हसतात. आणि पाचवी मी. मी हसतसुद्धा नाही फार, हसले तर लोक बघतात.

भाकरी पातळ थापायची, तव्यावर टाकायची, मग कापडाच्या बोळ्यानं दाबत दाबत तिच्यातलं सगळं पाणी घालवायचं. कडकडीत झाली की महिनाभर टिकते. दिवसभरात आमच्या पाच जणींच्या हाताखालून इतक्या भाकऱ्या जातात की घरी गेल्यावर जेवायची इच्छा राहत नाही. एक दिवस मामी दाबता दाबता थांबल्या आणि म्हणाल्या, "मला एकदा तरी दुसऱ्या कुणी केलेलं गरम गरम बसून खायचंय. आपण नुसतं बसायचं. आन् त्यानं इचारलं पायजे, काय हवंय म्हणून."

"मग दवाखान्यात भरती व्हा की," अक्कलकोटवाली म्हणाली.

"तितं इचारत न्हाईत. तितं पेज देत्यात."

त्यातून सहल ठरली. बदामीला जायचं, बनशंकरीचं दर्शन घ्यायचं, दोन रात्री हॉटेलात राहायचं. घरी देवीचं नाव सांगायचं. खरं कारण नाश्ता होतं. दोन खोल्या हव्या होत्या आणि दोन्ही नाश्ता धरून. पैसे सगळ्यांनी माझ्याकडे दिले. बायकांचा असा एक समज आहे की जी बोलत नाही ती पैशाला हात लावत नाही.

खोल्या माझ्या सुनेनं काढल्या. ती तेव्हा आठ महिन्यांची सून. बीकॉम झालेली, एका ऑफिसात कामाला. रविवारी दुपारी ती माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि मोबाइलवर एक एक हॉटेल दाखवू लागली. एका हॉटेलच्या फोटोत मोठी बशी होती. तिच्यात डोसा, उपमा, दोन वडे आणि काहीतरी लाल. मी बोट ठेवलं. बोट ठेवल्याबरोबर तो फोटो उडून दुसराच आला, पण तिला कळलं होतं.

एका खोलीचे एका रात्रीचे बावीसशे. दोन खोल्या, दोन रात्री, आठ हजार आठशे. खाली निळ्या पट्टीवर लिहिलं होतं, 'सर्वात कमी दराची हमी. याहून स्वस्त दिसल्यास फरक परत.' वाक्याच्या शेवटी एक छोटी चांदणी होती. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला हळदीकुंकू लावतात, तसं काहीतरी शुभ म्हणून लावलं असेल असं मला वाटलं. बरंही वाटलं.

"आई, राहणाऱ्यांपैकी एकीच्या नावावर घ्यावं लागतं. तुमचंच टाकते," सून म्हणाली. तिनं तिच्या खात्यातून पैसे भरले, मी तिला रोख दिले. रेशन कार्ड सोडून माझं नाव कुठं छापलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी हॉटेलचं नाव सांगितलं. अक्कलकोटवालीनं कुठून तरी त्यांचा नंबर काढला आणि हाताला पीठ तसंच ठेवून फोन लावला. जरा वेळ कानडीत गोड बोलली, जरा वेळ भांडली, मग पुन्हा गोड बोलली. फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"अठराशे! तोंडी अठराशे म्हणाला मला. आन् तू बावीसशे भरून बसलीस?"

मी म्हटलं, "सुनेनं भरले."

"मग मदल्यामदी सुनेनं तर खाल्ले न्हाईत ना?"

जावा हसल्या. मामी हसल्या. मीही हसले, कारण सगळे हसत होते. अक्कलकोटवालीचं बोलणं असंच असतं, तिच्या मनात फार काही नसतं. पण असं बोलणं आमच्या शेडमधून गल्लीत जातं, गल्लीतून सुनेच्या माहेरी जातं, आणि तिथं पोचेपर्यंत त्यातला हसण्याचा भाग गळून पडतो. साधं 'असं बोलू नको गं' एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. त्या दिवशी माझ्या तव्यावर चार भाकऱ्या करपल्या. ताईंचा नियम आहे, जिनं करपवली तिनं घरी न्यायची. संध्याकाळी सुनेनं पिशवी उघडली आणि म्हणाली, "आई, आज या कशा?" मी म्हटलं, गॅस मोठा होता.

मग मी तिला एवढंच विचारलं की ती हमी आहे ना, तिचं काय करायचं असतं. तिनं लगेच कंपनीला लिहून पाठवलं. तासाभरात उत्तर आलं की फोनवर सांगितलेला दर धरला जात नाही, कृपया अटी पाहा.

"कुठं असतात अटी?"

"त्या चांदणीखाली. पण आई, त्या कुणी वाचत नाही. खाली खूण करायची आणि पुढे जायचं."

"तू केलीस खूण?"

"केली की."

"कशाची?"

"वाचल्याची," ती म्हणाली आणि स्वतःच हसायला लागली.

मी तिच्याकडून मोबाइल मागून घेतला. भाषा मराठी करून दे म्हटलं, ती तिनं करून दिली. आता माझं वाचन कसं आहे ते सांगते. मला ओळीखाली बोट धरल्याशिवाय वाचता येत नाही. बोट नसलं की मी खालच्या ओळीत पडते. आणि मोबाइलवर बोट ठेवलं की पान पळतं. दोनदा मी चौथ्या अटीवरून थेट कंपनीच्या पत्त्यावर गेले. शेवटी काडेपेटीतली काडी घेतली. काडीला मोबाइल घाबरत नाही, पान जागच्या जागी राहतं. हे रिक्षा लावून घरात आले, मला तसं बघितलं आणि म्हणाले, "मोबाइल पेटवतीस का काय?"

तरी वाचलेलं डोक्यात राहीना. तिसरी अट वाचेपर्यंत पहिली विसरत होते. शाळेत आमच्या बाई म्हणायच्या, जे कळत नाही ते उतरवून काढ. म्हणून ही वही आणली. तीन संध्याकाळी लागल्या. ती मराठी कुणाच्या घरात बोलत नसतील. 'समतुल्य निवास', 'सार्वजनिकरीत्या दृश्यमान दर' असं असं होतं. हे पलंगावर आडवे होऊन मला अर्थ सांगायचे. त्यांना सगळं जग रिक्षातूनच कळतं, पण कळतं नीट. "समतुल्य म्हंजी शेअर रिक्षाचं भाडं दाखवून पेशल रिक्षावाल्याशी भांडायचं न्हाई," ते म्हणाले. शेवटची तेरावी अट अशी होती की वरच्या सगळ्या अटी कंपनी केव्हाही बदलू शकते.

"मग बाकीच्या बारा लिहिल्या कशाला?" मी विचारलं.

"लिहिणाऱ्याला पगार द्यायचा असतोय की."

चौथ्या अटीत आमची चूक सापडली. फोनवर घासाघीस करून मिळालेला, ओळखीचा, सभासदाचा दर चालत नाही. कुणालाही उघड दिसेल असा दर दाखवायला पाहिजे. मी सुनेला ती अट वाचून दाखवली. तिनं मान खाली घातली आणि शोधायला लागली. दुसऱ्या एका ठिकाणी तेच हॉटेल, त्याच खोल्या, त्याच तारखा, सतराशे पन्नास. फरक एका खोलीमागे एका रात्रीला साडेचारशे, सगळा मिळून एक हजार आठशे. तिनं पडद्याचा फोटो काढून पाठवला.

अक्कलकोटवालीला सांगितलं तर म्हणाली, "फोटू काय कुणीबी काडतंय. पैसे येतील तवा खरं. आन् ते येणार कुणाच्या खात्यात? सुनेच्याच की."

आमचं जाणं शनिवारी होतं. बुधवारी सकाळी शेडमध्ये माझा फोन वाजला. पलीकडून एका तरुण माणसानं माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं सगळं शुद्ध म्हटलं आणि विचारलं, "आपणच बोलताय का?"

इतकं पूर्ण नाव ऐकून मला वाटलं कुणीतरी माझी हजेरी घेतंय. हजर म्हणायलाही आवाज फुटेना. अक्कलकोटवालीनं फोन ओढून घेतला, मोठा आवाज चालू केला आणि म्हणाली, "व्हय, मीच ती. बोला."

"मॅडम, आपण दाखवलेल्या दुसऱ्या दरात नाश्ता धरलेला आहे का?"

आता इथं सांगायला पाहिजे की अक्कलकोटवालीसारखा भाव मंगळवारच्या बाजारात कुणी करत नाही. तिचा एकच नियम आहे. वस्तू कितीही हवी असली तरी ती नको असल्यासारखं दाखवायचं. वांगी हवी असली की ती आधी दोडक्याकडे बघते.

"नाश्त्याचं काय घिऊन बसलायसा?" ती म्हणाली. "सोलापूरच्या बायका हाव आमी. भाकऱ्या बांधूनच घराभायेर पडतो."

"म्हणजे आपल्याला नाश्ता नकोय?"

"लागतच न्हाई! शेंगाचटणी बी हाय संगं. तुमी फकस्त दराचं बोला."

"ठीक आहे मॅडम, तशी नोंद करतो," तो म्हणाला.

तिनं फोन माझ्या हातात ठेवला, हात झटकले आणि म्हणाली, "बग, कसा वळणावर आणला." दहा मिनिटांत मेसेज आला. ताईंनी येऊन तो वाचून दाखवला. 'ग्राहकाने नाश्ता नको असल्याचे कळवले आहे. आरक्षणात तसा बदल केला आहे. दोन्ही दर समतुल्य नसल्याने दावा नामंजूर.'

मामींनी हातातला बोळा बाजूला ठेवला.

"म्हंजी?" मामी म्हणाल्या. "पैसे बी गेले आन् नाश्ता बी?"

"मला काय ठावं तो असा निगंल म्हणून! भाव करताना असंच बोलत्यात की!"

"त्यो काय भाजीवाला होता?"

"पर मुळात सुनेनं नीट काडलं असतं तर ही येळ आली असती का?"

फिरून फिरून बोलणं सुनेवरच आलं. मामी दिवसभर भाकरी अशा थापत होत्या की परातीला कळावं. मला त्या दिवशी राग आला होता. मला राग आलेला कुणाला कळत नाही, कारण रागावल्यावर मी आणखी गप्प होते.

घरी आल्यावर वही काढली. सातव्या पानावर होतं की तुलना करताना आरक्षणाच्या वेळी दाखवलेलं जेवण धरायचं, नंतर बदललेलं नाही. सुनेनं तो दुसरा सतराशे पन्नासचा दर पुन्हा उघडला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, नाश्ता समाविष्ट. म्हणजे दोन्हीकडे नाश्ता होता. आमच्या बाजूचा तेवढा आम्ही स्वतःच घालवला होता. मग नवव्या पानावर आले. दावा नामंजूर झाला तर एकदाच फेरविचार मागता येतो. हॉटेलात पोचायच्या चोवीस तास आधी. आणि फक्त ज्याच्या नावावर आरक्षण आहे त्यानं स्वतः.

ते 'स्वतः' मी तीनदा वाचलं. काडी सरकवून बघितली, त्याच्यापुढे काही सूट आहे का. नव्हती.

सून म्हणाली, "आई, मी तुमच्या नावानं बोलू का?" मी म्हटलं, एकदा झालंय ते करून. रात्रीच्या स्वयंपाकाला तिला लावलं आणि काय बोलायचं ते या वहीच्या चौदाव्या पानावर लिहून काढलं. नमस्कारापासून.

गुरुवारी दुपारी कामाच्या मधल्या सुट्टीत मी ज्वारीच्या पोत्यांच्या खोलीत गेले, दार लोटलं, एका पोत्यावर बसले, वही मांडीवर घेतली. दाराबाहेर चौघी उभ्या होत्या. मला त्यांचे पाय फटीतून दिसत होते. ताईंनी नंबर लावून दिला होता. पलीकडून एक पोरगी आली. मी ओळीखाली बोट ठेवलं आणि सुरू केलं.

"नमस्कार. मी सोलापूरहून बोलते. माझं शिक्षण चौथी आहे, चुकलं तर माफ करा. काल तुमच्याशी जी बाई बोलली ती मी नव्हते..."

"म्हणजे काल दुसऱ्याच कुणीतरी बोललं?"

ती मधे बोलली आणि माझी ओळ हरवली. बोट होतं, पण कुठल्या शब्दावर होतं ते कळेना. मग मी एकच करू शकत होते.

"नमस्कार. मी सोलापूरहून बोलते. माझं शिक्षण चौथी आहे..."

"हो मॅडम, ते कळलं. आपला आरक्षण क्रमांक?"

तो खालून सहाव्या ओळीत होता. तिथं उडी मारणं मला जमत नाही. "नमस्कार. मी सोलापूरहून बोलते..."

असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी ती म्हणाली, जरा थांबा, आणि फोनवर वाजंत्री सुरू झाली. मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा पहिल्यापासून आलं असतं. वाजंत्रीबरोबर मी वाचत गेले, सातव्या अटीपर्यंत पोचलेसुद्धा, आणि मग वाजंत्री बंद होऊन एका मोठ्या वयाच्या माणसाचा आवाज आला, "बोला मॅडम." त्यानं काहीच ऐकलं नव्हतं.

"नमस्कार," मी म्हटलं. बाहेर जावा हसत असल्याचं ऐकू आलं आणि मामी त्यांना "गप गं" म्हणाल्या.

हा माणूस मात्र मधे बोलला नाही. मी चौदावं पान पूर्ण वाचलं. सहीसुद्धा वाचली. मग तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही अटींचे क्रमांक कुठून सांगताय?"

"वहीतून."

"वहीतून?"

"तुमच्या अटी उतरवून घेतल्यात."

"किती?"

"तेरा."

तिकडे त्यानं टकटक करून काहीतरी उघडलं. मग जरा हळू आवाजात म्हणाला, "नववी पुन्हा वाचता का? सावकाश वाचा. माझ्यासमोर इंग्रजी आहे, त्यात ही इतक्या खाली... एक मिनिट, लिहून घेतो."

मी त्याला सांगून लिहायला लावलं. शुद्धलेखन घालावं तसं. त्यानं कुठं तरी विचारलं, पुन्हा आला, आणि म्हणाला की फेरविचार मान्य आहे, दर समतुल्य आहेत. "फरकाच्या एक हजार आठशे रुपयांचं कूपन तुम्हाला पुढच्या प्रवासासाठी..."

"बारावी अट," मी म्हटलं आणि पान उलटलं.

"वाचू नका मॅडम, आहे माझ्याकडे, आहे. ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात. राहून झाल्यावर दहा कामाच्या दिवसांत. आणखी काही?"

वहीत पुढे काही लिहिलेलं नव्हतं. मी वही मिटली. "आणि नाश्ता हवाय," मी म्हटलं. "आम्ही त्याच्यासाठीच चाललोय."

दार उघडून बाहेर आले तर चौघी तशाच उभ्या. मामींनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "एवढं बोलतीस व्हय गं तू?" मी मान हलवली आणि तव्याकडे गेले. संध्याकाळपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. माझ्याकडचे संपले होते.

गदगकडे जाणाऱ्या गाडीनं बदामीला गेलो. भाकऱ्यांची पिशवी होतीच, अक्कलकोटवालीनं सवयीनं बांधली होती. देवीचं दर्शन झालं, लाल डोंगर बघितले, पण मला रविवारची सकाळ जास्त आठवते. पाच जणी केस विंचरून, चांगली लुगडी-साड्या नेसून एका टेबलाशी बसलो. हात मांडीवर. हातांना काय करावं ते कळत नव्हतं. मांडून ठेवलेल्या पदार्थांत पहिल्याच भांड्यात ज्वारीची कडक भाकरी होती. तिकडे ती नाश्त्यालाही खातात. मामींनी एक उचलली, मोडली, कानाशी धरली आणि म्हणाल्या, "मदी वल राहिलीय." जावांनी बोळा नीट फिरवला नसल्याचं सांगितलं. अक्कलकोटवाली स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागली होती, तिला मी पदराला धरून बसवलं.

तेवढ्यात वाढपी आला. मामींजवळ वाकला आणि म्हणाला, "एन बेकु, अम्मा?"

मामींनी अक्कलकोटवालीकडे बघितलं. "काय म्हणतोय?"

"काय हवंय म्हणून इचारतोय," अक्कलकोटवाली म्हणाली.

मामी त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते, तो बिचारा एक पाऊल मागे सरला. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "सांग त्याला," त्या म्हणाल्या, "भाकरी सोडून काय बी आण."

परत आल्यावर दहा दिवसांची मोजणी सुरू झाली. अक्कलकोटवाली शेडच्या पत्र्यावर खडूनं रेघा मारत होती. रविवार धरायचा नाही हे तिला पटत नव्हतं. "आपुन करतो की रविवारी काम." नवव्या रेघेला सुनेच्या मोबाइलवर मेसेज आला. तिनं धावत येऊन मला दाखवला. एक हजार सहाशे सात रुपये. खाली लिहिलं होतं, कर वगळून.

"एकशे त्र्याण्णव कमी आहेत," सून म्हणाली. "सोडून द्या आई. मी माझे घालते, कुणाला कळणारही नाही."

तिचा स्वभाव चांगला आहे. पण अठराशे म्हटलं होतं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. एकशे त्र्याण्णव कमी म्हटले असते तर अक्कलकोटवालीला तेवढं भोक पुरलं असतं. आणि सुनेनं पदरचे घातले असते तर मग ती खरंच चुकली होती असं झालं असतं.

मी म्हटलं, "फोन लाव."

या वेळी पोत्यांच्या खोलीत गेले नाही. घरीच, शेगडीपुढे बसले. पहिली पोरगी आली, तिनं माझं नाव विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "सोलापूर?" आणि मी नमस्कार म्हणायच्या आत तिनं फोन पुढे दिला. तोच मोठ्या वयाचा आवाज.

"बोला मॅडम. वही जवळ आहे का?"

"मांडीवर आहे."

"बारावीच ना?"

"बारावी. 'ग्राहकाने प्रत्यक्ष भरलेल्या रकमेतील संपूर्ण फरक.' आम्ही कर धरून भरले होते."

त्यानं खोल श्वास घेतल्यासारखा आवाज आला. "'संपूर्ण' लिहिलंय?"

"लिहिलंय. ठळक नाही, पण लिहिलंय."

"बघतो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "मॅडम, तुमचं शिक्षण खरंच चौथी आहे?"

"हो. पाचवीला शाळा लांब होती."

तीन दिवसांनी एकशे त्र्याण्णव आले. सुनेनं एटीएममधून पैसे काढले, सुट्टे करून आणले. दुसऱ्या दिवशी मी तिलाच बरोबर शेडमध्ये नेलं. तिनं दोन्ही मेसेज सगळ्यांना दाखवले आणि प्रत्येकीच्या हातात तीनशे साठ ठेवले. अक्कलकोटवालीनं पिठाचे हात पुसून नोटा दोनदा मोजल्या, कनवटीला लावल्या आणि सुनेकडे बघितलं. ती माफी वगैरे मागत नाही, तिच्या भाषेत ते नाही. "पोरी," ती म्हणाली, "माझ्या भाचीचं लगीन हाय हुबळीला. दोन खोल्या लागतील. तूच काड. पैसे आदी दिऊ का मागनं?"

सून माझ्याकडे बघायला लागली.

"आधी अटी बघते," मी म्हटलं. जावा हसल्या. अक्कलकोटवालीही हसली.

त्या दिवशी माझी एकही भाकरी करपली नाही. हे इथं लिहून वही मिटते. आधी एक हजार सहाशे सात आले, मग एकशे त्र्याण्णव. मिळून एक हजार आठशे. पूर्ण मिळाले.